अकोले

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील तालुका व त्याचे मुख्य ठिकाण. तालुक्याचे क्षेत्रफळ सुमारे १,५०० चौ. किमी.; लोकसंख्या सुमारे २ लाख ९२ हजार (२०११). गाव प्रवरेच्या काठी, संगमनेरच्या पश्चिमेस आहे. तालुक्याच्या पश्चिमेस ठाणे, उत्तरेस नाशिक व दक्षिणेस पुणे जिल्हा लागतो. पश्चिमेकडील डोंगराळ मुलूख ‘डांगाण’ म्हणून ओळखला जातो. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) येथेच, बारी गावाजवळ आहे. घाटघर, रतनवाडी भागात जिल्ह्यातील सर्वाधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे तो झपाट्याने कमी होतो.

अकोले येथील सिद्धेश्वर व रतनवाडीचे अमृतेश्वर ही मंदिरे त्यांवरील शिल्पकामासाठी प्रसिद्ध आहेत. अमृतेश्वराजवळ कोनाड्यांची रेखीव पुष्करणी आहे. प्रवरेचा उगम रतनगडाच्या परिसरात होतो. गडाच्या माथ्यावर ‘नेढे’ म्हणजे खडकाला आरपार पडलेले भोक आहे.

ठाणे, पुणे व अहमदनगर जिल्ह्यांच्या सीमेवरील हरिश्चंद्रगड (सु. १,४२४ मी.) हे तालुक्यातील सर्वांत महत्त्वाचे स्थळ होय. हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, खोदीव लेणी आणि केदारेश्वराची गुहा ही तेथील मुख्य ठिकाणे. गुहेत पाण्याने वेढलेले मोठे शिवलिंग असून भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. चांगदेवांनी शके १२३४ (इ. स. १३१२) मध्ये ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ याच गडावर पूर्ण केला. गडाच्या पश्चिमेस अंतर्वक्र कोकणकडा आहे. येथे धुक्यावर उमटणारे वर्तुळाकार इंद्रधनुष्य (इंद्रवज्र) पाहिल्याची नोंद कर्नल साइक्स यांनी केली.

१६७९ मध्ये जालन्याच्या स्वारीवरून परतताना शिवाजी महाराजांनी तालुक्यातील पट्टा किल्ल्यावर मुक्काम केला. तेव्हापासून तो विश्रामगड झाला. १८१८ नंतर इंग्रजांनी सह्याद्रीतील अनेक किल्ल्यांच्या वाटा व पायऱ्या उद्ध्वस्त केल्या. सावकारी पिळवणूक आणि इंग्रजी अंमल यांविरुद्ध देवगावचे राघोजी भांगरे यांनी १८४४ च्या सुमारास महादेव कोळ्यांचा उठाव उभारला. पंढरपूर येथे ते पकडले गेले व २ मे १८४८ रोजी ठाणे कारागृहात त्यांना फाशी देण्यात आली.

डांगाणात महादेव कोळी व ठाकर या जमातींची वस्ती मोठी आहे. कळसूबाई, रत्नाबाई व कात्राबाई या देवी तिघी बहिणी मानल्या जातात. कळसूबाईच्या शिखरावर नवरात्रात यात्रा भरते. डांगी गुरांचे राजूर येथील प्रदर्शन प्रसिद्ध आहे. देशी बियाणे जतन करणाऱ्या राहीबाई पोपेरे (पद्मश्री, २०२०) कोंभाळण्याच्या.

भात, नागली व वरई ही डोंगराळ भागातील, तर ऊस पूर्व भागातील पिके. अगस्ती सहकारी साखर कारखाना आहे.

भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले. साठा ११ टीएमसी. त्याचे पाणी मुख्यतः खालच्या संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या तालुक्यांतील कालव्यांना मिळते. घाटघर येथे २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ पासून.

गिर्यारोहकांचा ओढा मोठा आहे. कळसूबाईवर अवघड टप्प्यांना लोखंडी शिड्या आहेत. कळसूबाई रांगेतील अलंग व मदन या किल्ल्यांवर मात्र दोराविना जाता येत नाही. साम्रदजवळची सांदण दरी ही सुमारे २०० फूट खोल, अरुंद घळ असून पावसाळ्यात तीत उतरणे धोक्याचे असते. कोकणातील बेलपाड्याहून कोकणकड्याकडे चढणारी नळीची वाट घसरड्या दगडांची आहे; वाटाड्या घेणे इष्ट. हरिश्चंद्रगडास तालुक्यातून पाचनईची वाट सर्वांत सोपी. मेअखेर व जूनच्या आरंभी भंडारदरा परिसरात काजवे पाहण्यासाठी गर्दी होते. वाटाड्यांचे काम, घरगुती जेवण व तंबूंची सोय यांतून गावांना हंगामी उत्पन्न मिळते. मात्र गर्दीमुळे कचऱ्याचा प्रश्नही उभा राहिला आहे.

जवळचे रेल्वे स्थानक इगतपुरी. मुंबई व नाशिकहून घोटीमार्गे, तर पुण्याहून संगमनेरमार्गे रस्ता आहे.