चालकाचे तास कोण मोजतो? अमेरिकेतील ट्रक वाहतुकीचे संघीय नियम

अमेरिकेत ट्रक कंपन्यांवर संघीय सरकारचे नियंत्रण आले ते 9 ऑगस्ट 1935 रोजी. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी मोटर कॅरिअर कायद्यावर सही केली आणि आंतरराज्य ट्रक वाहतूक इंटरस्टेट कॉमर्स कमिशनकडे गेली. हे कमिशन मुळात 1887 साली रेल्वे कंपन्यांना आवर घालण्यासाठी स्थापन झालेले. महामंदीत ट्रकवाले मिळेल त्या भाड्याने माल नेत, म्हणून कायद्याचा मुख्य रोख भाडे आणि परवाने यांवर होता.

चालकाच्या कामाच्या तासांचे नियमही याच कायद्यातून निघाले. पुढे रोजच्या तासांची नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले. खरी मेख मात्र दुसऱ्या कायद्यात आहे. 1938 च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स कायद्याने जादा तासांना दीडपट मजुरी दिली, पण ज्यांचे तास हे कमिशन ठरवू शकते अशा कामगारांना त्यातून वगळले. म्हणजे चालकाच्या तासांना मर्यादा आली, जादा मजुरीचा हक्क आला नाही. त्यात लांब पल्ल्याच्या चालकाला पैसे बहुधा मैलामागे मिळतात. गोदामाच्या दारात तीन तास ताटकळत गेले, तर दिवस सरतो आणि कमाई होत नाही. मग नोंदी जुळवून लिहिल्या जात. चालकच त्या वहीला ‘कॉमिक बुक’ म्हणत, यात सगळे आले.

1980 च्या कायद्याने भाडे व प्रवेशावरची बंधने सैल केली; लहान कंपन्यांची गर्दी झाली. सुरक्षिततेचे नियम मात्र राहिले, उलट वाढले. पूर्वी एकच चालक अनेक राज्यांचे परवाने बाळगून आपले गुन्हे त्यांत वाटून टाकू शके. 1986 च्या कायद्याने ते बंद केले. 2000 साली फेडरल मोटर कॅरिअर सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन सुरू झाले. 2004 पासूनचा नियम असा: सलग 10 तास विश्रांतीनंतर जास्तीत जास्त 11 तास वाहन चालवायचे, तेही कामावर आल्यापासून 14 तासांच्या आत.

18 डिसेंबर 2017 पासून बहुतेक ट्रकांत इंजिनाला जोडलेले इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र सक्तीचे झाले. कंपनीला या नोंदी सहा महिने जपाव्या लागतात. नंतरच्या अभ्यासात तासांचे उल्लंघन घटलेले दिसले, अपघात मात्र घटलेले दिसले नाहीत; लहान कंपन्यांच्या चालकांत अतिवेगाचे प्रकार वाढले. यात नवल वाटू नये. यंत्र चाकाचे तास मोजते, गोदामवाल्याने खाल्लेला वेळ चालकालाच भरून काढावा लागतो.