पाऊलखुणेपासून प्रतिमेपर्यंत : मेळघाटातील व्याघ्रगणनेच्या पद्धतींचा इतिहास

प्रस्तावना

वऱ्हाडच्या उत्तर सीमेवर सातपुड्याची गाविलगड रांग पसरलेली आहे. या रांगेतील, घाटांचा जेथे मेळ होतो तो प्रदेश म्हणजे मेळघाट होय. १ एप्रिल १९७३ रोजी भारतात व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात झाली. तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत महाराष्ट्रातून केवळ मेळघाटाचा समावेश होता. आज गाभा व बफर मिळून हे क्षेत्र सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर आहे. त्यात अमरावती जिल्ह्यातील गुगामल राष्ट्रीय उद्यान, मेळघाट व वान ही अभयारण्ये, अकोला जिल्ह्यातील नरनाळा आणि बुलढाणा जिल्ह्यातील अंबाबरवा यांचा अंतर्भाव होतो. खापरा, खंडू, सिपना, गडगा आणि डोलार या येथील नद्या तापीला मिळतात.

एवढ्या विस्तीर्ण, दऱ्याखोऱ्यांच्या प्रदेशात सतत हलणारा, बहुधा रात्री वावरणारा आणि माणसाला टाळणारा प्राणी मोजायचा कसा, हा प्रश्न गेली पन्नास वर्षे वनखात्यापुढे आहे. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाच्या उत्तरांचा, म्हणजे ठशांपासून स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या जाळ्यापर्यंतच्या पद्धतींचा, ऐतिहासिक आढावा घेतला आहे. हा केवळ यंत्रांचा इतिहास नाही. जंगलात काय घडले याची साक्ष कोणाची मानायची, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

ठशांचे शास्त्र आणि मचाणावरची रात्र

वाघाच्या पंजाच्या ठशांवरून त्याची गणना करण्याची पद्धत ओडिशातील वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६६ च्या सुमारास विकसित केली. ठशावर काच धरून तिच्यावर आकृती उतरवायची, ती कागदावर घ्यायची, शक्य तेथे प्लास्टरचा साचा काढायचा, आणि मागच्या डाव्या पंजाच्या आकारावरून एक वाघ दुसऱ्यापासून वेगळा ओळखायचा, असे तिचे स्वरूप होते. १९७२ च्या देशव्यापी गणनेत सुमारे १,८२७ वाघांची नोंद झाली. याच आकड्याच्या धक्क्यातून व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. पुढे सुमारे तीन दशके देशातील सर्व प्रकल्पांत हीच पद्धत चालू राहिली.

या पद्धतीचे सामर्थ्य तिच्या स्वस्तपणात आणि सहभागात होते. नियतक्षेत्राचा वनरक्षक आणि त्याच्यासोबतचा कोरकू वनमजूर यांना धुळीची वाट वाचता येत असे. कोरकू भाषेत वाघाला ‘कुला’ म्हणतात. ठसा ताजा की शिळा, नराचा की मादीचा, वाघ चालत होता की दबकत होता, हे सांगणारे ज्ञान या समाजात पिढ्यानुपिढ्या चालत आले होते. मेळघाटात सेवा केलेले वनाधिकारी आणि ज्येष्ठ साहित्यिक मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे आदिवासींच्या या रानविद्येची ओळख मराठी वाचकांना झाली. परंतु हेही लक्षात घेतले पाहिजे, की गणनेच्या कागदावर ठसा उमटला, तरी तो वाचणाऱ्याचे नाव क्वचितच उमटले.

याला पूरक अशी दुसरी पद्धत पाणवठ्यावरील निरीक्षणाची होती. वैशाखातील बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात, पाणी मोजक्या ठिकाणी उरले असताना, मचाणावर बसून रात्रभर येणारे प्राणी टिपले जात. ‘निसर्गानुभव’ या नावाने हा उपक्रम अलीकडेही चालतो आणि अमरावती-अकोल्याचे अनेक प्राध्यापक व विद्यार्थी त्यात सहभागी होत आले आहेत. लोकशिक्षण म्हणून त्याचे मोल मोठे आहे. गणना म्हणून मात्र त्याला मर्यादा आहेत. एकच प्राणी दोन पाणवठ्यांवर येऊ शकतो, आणि एखादा त्या रात्री कोठेच येत नाही.

ठशांच्या पद्धतीवरील मुख्य आक्षेपही असाच होता. एकाच वाघाचा ठसा वाळूत, चिखलात आणि धुळीत वेगवेगळा उमटतो. शिवाय प्रत्येक वाघाचा ठसा सापडलाच, असे गृहीत धरावे लागते. उल्हास कारंथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या पद्धतीच्या शास्त्रीय उणिवा सविस्तर मांडल्या. त्यांचा रोख व्यक्तींवर नव्हता. चुकीचे प्रमाण किती हे सांगता न येणारा आकडा शास्त्रीय मानता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

कॅमेऱ्याचे आगमन

जंगलात प्राण्याने स्वतःच स्वतःचे छायाचित्र काढावे, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे प्रयोग केले. भारतात संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाटेवर तार ताणून वाघांची रात्रीची छायाचित्रे मिळवली आणि १९२७ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. बंदुकीऐवजी कॅमेरा हा त्यांचा आग्रह त्या काळात अपवादात्मक होता. त्या छायाचित्रांचा उपयोग मात्र दर्शनापुरता होता. त्यांतून संख्या काढण्याचे गणित अद्याप जोडले गेले नव्हते.

हा सांधा कारंथ यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे जोडला. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात कॅमेऱ्याच्या छायाचित्रांना ‘पकड-पुनर्पकड’ या संख्याशास्त्रीय पद्धतीची जोड दिलेली होती. वाघाच्या अंगावरील पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येकाचे वेगळे असतात. त्यामुळे वाघ न पकडताही त्याची ओळख पटते. पद्धतीचे तत्त्व एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. पहिल्या फेरीत २० वेगवेगळे वाघ टिपले गेले. दुसऱ्या फेरीत १५ टिपले गेले आणि त्यांपैकी १० आधीचेच निघाले. म्हणजे ओळख पटलेल्या वाघांपैकी निम्मेच दुसऱ्या फेरीत पुन्हा दिसले. यावरून दुसऱ्या फेरीत एकंदर वाघांपैकी निम्मे दिसले असावेत आणि एकूण संख्या ३० च्या आसपास असावी, असे अनुमान निघते. येथे न दिसलेल्या वाघांचाही हिशेब होतो. ठशांच्या गणनेत हीच सोय नव्हती.

सरिस्का आणि पद्धतीतील परिवर्तन

शास्त्रीय टीका होऊनही व्यवस्था बदलली नाही. ती बदलली एका आघाताने. राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात वाघच उरलेले नाहीत, हे २००५ च्या प्रारंभी उघड झाले. कागदावर वाघ होते, जंगलात नव्हते. सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या व्याघ्र कृती दलाने त्याच वर्षी अहवाल दिला. पुढे वन्यजीव संरक्षण कायद्यातील २००६ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण अस्तित्वात आले आणि देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या सहकार्याने नव्या पद्धतीने देशव्यापी आकलन सुरू झाले.

२००८ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या आकलनात देशातील वाघांची संख्या १,४११ इतकी अनुमानित करण्यात आली. २००१-०२ च्या ठशांवरील गणनेचा आकडा ३,६४२ होता. या दोन आकड्यांची थेट वजाबाकी करून तितके वाघ मेले असे म्हणणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणारे नाही. पद्धती भिन्न होत्या आणि १,४११ मध्ये सुंदरबनाचा समावेश नव्हता. साधन बदलले की आकड्याचा अर्थही बदलतो. त्यानंतर देशाचे अनुमान २०१० मध्ये १,७०६, २०१४ मध्ये २,२२६, २०१८ मध्ये २,९६७ आणि २०२२ मध्ये ३,६८२ असे होत गेले. महाराष्ट्रापुरते पाहिल्यास २००६ मधील १०३ वरून २०१० मध्ये १६९, २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ अशी वाढ दिसते. या वाढीचा काही भाग वाघांच्या प्रत्यक्ष वाढीचा आणि काही भाग अधिक दाट निरीक्षणाचा आहे, हे विसरता येत नाही.

जाळ्याची रचना आणि त्याच्या मर्यादा

२०१८ च्या आकलनात जंगलाचे सुमारे दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनात, जनावरांच्या नेहमीच्या वाटेवर, समोरासमोर दोन कॅमेरे लावले गेले. दोन यासाठी, की वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीवरील पट्टे सारखे नसतात. देशभरात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावून ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे मिळाली. त्यांपैकी वाघांची होती ७६,६५१. या उपक्रमाची गिनीज विक्रमांत नोंद झाली. एवढे साहित्य माणसाने डोळ्यांनी चाळणे अशक्य असल्याने प्राण्याची जात ओळखणाऱ्या आणि पट्ट्यांची तुलना करणाऱ्या संगणक-प्रणाली वापरल्या गेल्या.

हा कॅमेरा प्राणी ‘पाहत’ नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. त्याच्यातील संवेदक अवरक्त उष्णतेतील बदल टिपतो. पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या तापमानाची वस्तू समोरून हलली की कॅमेरा सुरू होतो. म्हणजे त्याला हालचाल आणि तापमानातील फरक या दोन्हींची गरज असते. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे गेला की तापलेले दगड आणि जनावराची कातडी यांच्या तापमानातील अंतर कमी होते आणि समोरून गेलेला प्राणी निसटू शकतो. उलट तापलेले गवत वाऱ्याने हलले की प्राण्याशिवायच्या छायाचित्रांचा ढीग जमतो. त्यामुळे कॅमेऱ्याची जागा निवडणे हे आजही अनुभवाचे काम राहिले आहे, आणि तो अनुभव बहुतांशी वाट वाचणाऱ्या वनरक्षक व वनमजुराचाच असतो. ठशांची विद्या मोजणीतून गेली. मांडणीत ती टिकून आहे.

दुसरी मर्यादा क्षेत्राची. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये एका तरुण वाघाला रेडिओ कॉलर लावण्यात आली. महाराष्ट्र व तेलंगणातून सुमारे ३,००० किलोमीटर फिरून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याचा प्रवास मुख्यतः कपाशी-तुरीच्या शेतांतून, नाल्यांच्या काठाने आणि रस्ते ओलांडत झाला. कॅमेऱ्यांचे जाळे जंगलाच्या सीमेवर थांबते. वाघ थांबत नाही.

जाळ्यात सापडलेला माणूस

हलणाऱ्या प्रत्येक उष्ण देहाचे छायाचित्र घेणारे यंत्र वाघ आणि माणूस असा भेद करीत नाही. मेळघाटात कोरकू, गोंड व गवळी समाजाची गावे आहेत. सरपण, मोहफुले, तेंदूपाने आणि गुरे यांसाठी लोक त्याच वाटांनी जातात. शिकारी टोळ्यांच्या हालचाली टिपण्यासाठी कॅमेरा उपयोगी ठरतो, यात शंका नाही. २०१३ मध्ये उघडकीस आलेल्या मेळघाटातील वाघांच्या शिकारींनी संरक्षणाची निकड दाखवून दिली होती. तथापि त्याच कॅमेऱ्यात सरपणाची मोळी घेतलेली बाई आणि आडोशाला गेलेला माणूसही येतो. उत्तराखंडातील कॉर्बेट परिसरावर त्रिशांत सिमलाई यांनी केलेले संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅमेरे व ड्रोन यांमुळे स्त्रियांचे जंगलातील वावरणे, बोलणे, गाणेही आक्रसले, असे त्यात आढळले.

हा प्रश्न केवळ जंगलाचा नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरावर २०२० मध्ये विमानातून जवळजवळ संपूर्ण शहराची हालचाल टिपणारी यंत्रणा प्रायोगिक स्वरूपात चालवली गेली. २०२१ मध्ये तेथील संघीय अपील न्यायालयाने ती घटनाविरोधी ठरवली. सुटे छायाचित्र आणि अनेक छायाचित्रे जोडून उभा राहिलेला एखाद्याच्या जीवनाचा मागोवा यांत गुणात्मक फरक आहे, हा त्यातील महत्त्वाचा विचार होता. वाघाच्या बाबतीत नेमकी हीच जोडणी शास्त्राचे बळ ठरते. माणसाच्या बाबतीत तीच अतिक्रमण ठरू शकते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासीयांचे जंगलातील हक्क मान्य केले. मेळघाटातील अनेक गावांचे या शतकात पुनर्वसन झाले आणि जानेवारी २०१९ मध्ये परतलेले गावकरी व सुरक्षा दले यांच्यात संघर्षही झाला. अशा पार्श्वभूमीवर कॅमेऱ्याकडे येथील लोक तटस्थ उपकरण म्हणून पाहतील, अशी अपेक्षा करणे कठीण आहे.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ठशांकडून कॅमेऱ्याकडे झालेली वाटचाल ही अज्ञानाकडून ज्ञानाकडे अशी सरळ नव्हती. चुकीचे प्रमाण सांगू न शकणाऱ्या आकड्याकडून ते सांगू शकणाऱ्या आकड्याकडे ती झाली, आणि हाच तिचा खरा लाभ आहे. दुसरी, यंत्राने स्थानिक जाणकाराची जागा घेतली नाही, त्याचे श्रेय मात्र झाकले. तिसरी, वाघासाठी विणलेल्या जाळ्यात माणसाचे काय करायचे याचा नियम जाळ्याइतकाच काळजीपूर्वक विणावा लागेल. माणसांची छायाचित्रे किती दिवस ठेवावीत, कोणी पाहावीत, कधी पुसावीत, आणि कॅमेरे कोठे आहेत हे ग्रामसभेला कळावे की नाही, हे प्रश्न तांत्रिक नसून नागरी आहेत.

वऱ्हाडातील महाविद्यालयांना येथे काम आहे. प्राणिशास्त्र आणि संख्याशास्त्राचे विभाग आकड्यांकडे पाहू शकतील. इतिहास, समाजशास्त्र व मराठीच्या विभागांनी, ठसे वाचणारी शेवटची पिढी हयात आहे तोवर, तिच्या मौखिक नोंदी तिच्या नावासह आणि संमतीने करून ठेवाव्यात. अन्यथा उद्याच्या अभ्यासकाला कोट्यवधी छायाचित्रे मिळतील, पण कॅमेरा कोणत्या झाडाला बांधावा हे ज्याने सांगितले, त्याचे नाव त्यांतल्या एकाही छायाचित्रात सापडणार नाही.