वाय-फाय सुरू, तरी फिटनेस अॅप बंद: घरातल्या नेटवर्कचा घोळ कसा शोधायचा?

सकाळी सहाचा ऑनलाइन योगवर्ग. मोबाइलवर वाय-फायच्या कांड्या पूर्ण, पण अॅप नुसतं गोल फिरतंय. घराबाहेर मोबाइल डेटावर तेच अॅप झटकन उघडतं. मग दोष अॅपचा की घरातल्या नेटचा? नवा राउटर घेण्याआधी किंवा अॅप काढून टाकण्याआधी ही तपासणी करून बघा.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा

मोबाइल डेटा बंद करून फक्त वाय-फायवर अॅप उघडा. मग वाय-फाय बंद करून फक्त डेटावर उघडा. दोन्हीकडे अडत असेल, तर अडचण अॅपची, त्यांच्या सर्व्हरची किंवा फोनची असू शकते. फक्त वाय-फायवर अडत असेल, तर घरातलं नेटवर्क तपासा.

डेटा बंद करणं महत्त्वाचं आहे. वाय-फाय डळमळीत झालं की अनेक फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात. त्यामुळे व्हॉट्सअॅप चालू दिसतं, आणि खापर एकट्या फिटनेस अॅपवर फुटतं.

काहीच नीट चालत नाही: दोन राउटरची टक्कर

समजा, मांजरसुंब्यातलं एक स्लॅबचं घर आहे. फायबरचा राउटर खाली आहे. वरच्या खोलीत रेंज पोहोचत नाही म्हणून तिथे जुना राउटर वायरने जोडलाय.

राउटर घरातल्या प्रत्येक फोनला एक पत्ता देतो, त्याला आयपी अॅड्रेस म्हणतात. घरगुती वापरासाठी राखीव पत्ते १९९६ मध्ये ठरलेल्या नियमानुसार वापरले जातात. बहुतेक कंपन्या त्यातलेच मोजके पत्ते वापरतात, म्हणून खालच्या आणि वरच्या दोन्ही राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ निघू शकतो. त्यात दोघंही फोनला पत्ते वाटू लागले की गोंधळ होतो.

मांजरसुंब्याच्या चौकातून बीड, चौसाळा, केज आणि पाटोद्याकडे रस्ते फुटतात. तिथे दोघांनी केजचा रस्ता दोन वेगळ्या दिशांना दाखवला, तर नवख्या माणसाचं जे होईल, तेच इथे फोनचं होतं. नेट कधी चालतं, कधी नाही. थेट वर्ग मध्येच तुटतो.

खात्री करायला वरचा राउटर काढा, खालचा बंद करून पुन्हा सुरू करा आणि फोन नव्याने जोडा. अॅप चाललं, तर टक्करच होती.

उपाय सोपा आहे. वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘अॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा. नसेल, तर त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ असा मोकळा पत्ता द्या, डीएचसीपी बंद करा आणि वायर त्याच्या ‘लॅन’ पोर्टमध्ये लावा. आता पत्ते वाटण्याचं काम एकटा खालचा राउटर करेल.

बाकी सगळं चालतं, फक्त हेच अॅप नाही

इथे राउटरच्या टक्करीची शक्यता कमी. या तीन गोष्टी एकेक करून बघा:

- व्हीपीएन सुरू असेल तर बंद करा.
- जाहिराती अडवण्यासाठी राउटरवर किंवा फोनच्या ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये काही बसवलं असेल, तर ते थोडा वेळ थांबवा. जाहिरातीसोबत अॅपला लागणारा पत्ताही अडवला गेलेला असू शकतो.
- मुलांसाठी राउटरवर वेळेचं किंवा अॅपचं बंधन घातलंय का, ते पाहा.

एका वेळी एकच बदल करा, नाहीतर उपाय कशाने झाला ते कळणार नाही. दोषी सापडला की बाकीचं पूर्ववत करा.

अॅप उघडतं, पण ट्रेडमिल किंवा टीव्ही सापडत नाही

वाय-फायवरून जोडताना फोन आणि यंत्र एकाच नेटवर्कवर लागतात. एक ‘गेस्ट’ वाय-फायवर आणि दुसरं मुख्यवर असेल, तर ती एकमेकांना दिसत नाहीत. काही यंत्रं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. त्यांना ५ गिगाहर्ट्झचं नाव यादीतच दिसत नाही.

या दोन चुका टाळा

राउटरच्या मागचं बारीक रिसेट बटण टाचणीने दाबू नका. त्याने नेट कंपनीचं युजरनेम आणि पासवर्डही पुसला जाऊ शकतो. मग कंपनीचा माणूस येईपर्यंत घरभर नेट बंद. बंद करून सुरू करणं वेगळं, रिसेट वेगळं.

अॅप घाईने काढून टाकू नका. सर्व्हरवर न पोहोचलेली पावलांची आणि व्यायामाची नोंद त्यासोबत जाऊ शकते. आधी मोबाइल डेटावर अॅप उघडून नोंदी सिंक होऊ द्या, लॉगिन आठवतंय का ते तपासा, मगच काढा.