पायली, काटा आन् मेळघाटचा मोहा

आज पिकाचं नाई, बाजाराचं लिहितो.

१९८० च्या आसपासची गोष्ट. मी दहाएक वर्षांचा असन. होळी झाली की बाबा बैलबंडीत ज्वारी आन् मीठ भरून मेळघाटातल्या बाजाराला जात. कोरकू बाया टोपल्यात वाळला मोहा, चारोळी, डिंक घेऊन येत. काटा नव्हताच, दुकानदाराची पायली होती. घेताना पायलीवर शीग चढवायची, देताना हातानं सपाट करायची. (आमचे बाबाही काही कमी नव्हते, ज्वारी ते सपाटच मापत.) चारोळीच्या मापाले मिठाचं माप, असा सौदा मी डोळ्यानं पाह्यला.

बाया काहून देत होत्या? माप त्यांना कळत नव्हतं असं नाई. श्रावणात घरचं धान्य सरलं की तोच दुकानदार ज्वारी, तेल उधार देई. फेड चैत्रात मोहानं. म्हणजे फुल झाडावर यायच्या आधीच विकलेलं. आन् तोच मोहा पावसाळ्यात खायला लागला की त्याच्याचकडून चढ्या भावात घ्यायचा. आपणही कापूस वेचायच्या आधी उधारीत अडकतो, म्हणून मले हे परकं वाटत नाई.

सरकारनं कायदे केले. १९६९ च्या कायद्यानं तेंदूपानाचा व्यापार सरकारकडे आला. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ निघालं, १९७६ च्या कायद्यानं एकाधिकार खरेदी आली. कागदावर व्यापारी बाहेर गेला. पण श्रावणातली उधारी कोण देणार, हे कायद्यात नव्हतं.

फरक पडला तो २००६ च्या वनहक्क कायद्यानं. परतवाड्याजवळच्या पायविहीर गावाले २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड जंगल गावानं राखलं, झाडं लावली. तिथलं सीताफळ गावानं प्रतवारी करून, खोक्यात भरून, 'नॅचरल्स मेळघाट' नावानं मुंबईले पाठवलं. २०१४ मध्ये गावाले जैवविविधतेचा पुरस्कारही भेटला. माल तोच, पण विकणारा एकटा नव्हता.

चारोळीचं मात्र कुठंकुठं अजून तसंच हाये. फळ पिकायच्या आधी फांद्या तोडतात. आज मी नाई तोडली तं उद्या दुसरा तोडीन, ही भीती. कच्च्या फळात बी भरत नाई, भाव पडतो, आन् झाडही जातं.

आमच्या धुऱ्यावर दोन मोहाची झाडं आहेत. औंदा खाली पाचोळा जाळला नाई, जुनी जाळी अंथरली. फुलाले माती लागली नाई, रंगही राह्यला. बाजारात नेला तं व्यापारी मुठीत घेऊन म्हणे, "काका, भाव सगळ्याले एकच." त्याचं देणं माझ्यावर नव्हतं. पोतं परत घरी आणलं, माळ्यावर कडुनिंबाचा पाला टाकून ठेवलं हाये. पोळ्याले पाहू.