उलट्या आट्याचा नट

इतिहास म्हटलं की आपल्याला गड आठवतात, लढाया आठवतात, सनावळ्या आठवतात. आजच्या भागातला इतिहास मात्र माझ्या मुठीत मावेल एवढा आहे. तो एका नटाचा आहे. या नटाने मला तीन दिवस घाम फोडला आणि उजव्या हाताची दोन बोटंही सोलून काढली.

आमच्या घरी आजोबांची १९७२ ची बुलेट आहे. आजोबा गेले तेव्हापासून ती अंगणातल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या वर्षी मी ती चालू केली, तर इंजिनच्या पोटातून ठकठक असा आवाज यायला लागला. म्हणजे क्रँक बाहेर काढणं आलं. म्हटलं, घरीच उघडू. व्हिडिओ बघून सगळं जमतं हल्ली!

पहिल्याच नटाला अडलो. १३ चा पाना बसेना, १४ चा घातला तर नुसता गरगर फिरे. असं का? तर तो नट मिलिमीटरचा नव्हताच. त्याचं माप १३.३ मिलिमीटर भरतं. म्हणजे मूळचं पाव इंची व्हिटवर्थ.

हा व्हिटवर्थ कोण? जोसेफ व्हिटवर्थ, मँचेस्टरचा इंजिनियर. त्याच्या आधी इंग्लंडात प्रत्येक कारखाना आपापल्या मनाने आटे पाडायचा. एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जाईल याची खात्री नाही. व्हिटवर्थने ठिकठिकाणचे बोल्ट गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये एकच पद्धत मांडली. आट्याचा कोन ५५ अंश, आणि कुठल्या जाडीला इंचात किती आटे तेही ठरलेलं. पान्यावर जो आकडा असतो तो बोल्टच्या जाडीचा, पान्याच्या तोंडाचा नाही. म्हणून पाव इंच लिहिलेल्या पान्याचं तोंड अर्ध्या इंचाहून मोठं असतं!

आता हे इंग्रजी आटे आपल्या अंगणात कसे आले? रॉयल एनफिल्ड ही इंग्लंडमधल्या रेडिच गावची कंपनी. हे गाव मुळात शिवणाच्या सुयांसाठी प्रसिद्ध. तिथे आधी सायकली झाल्या, मग १९०१ मध्ये पहिली मोटारसायकल. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली आणि बुलेट इथे बनू लागली. गंमत बघा, पुढच्याच वर्षी आपल्या सरकारने मेट्रिक मापांचा कायदा केला. १९५७ मध्ये नवे पैसे आले, हळूहळू शेर-मण गेले, किलो आला. देश मीटरमध्ये मोजायला शिकत होता आणि बुलेटच्या पोटात इंच तसाच राहिला. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, तरी मद्रासची बुलेट चालूच होती.

आता एक कबुली. आजोबांच्या पेटीत असले इंची पाने भरपूर होते. ते गेल्यावर मीच ते भंगारवाल्याला किलोवर दिले. का, तर आजच्या कुठल्याच नटाला बसत नाहीत म्हणून. मग तेच पाने शोधत मी पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी उन्हात फिरलो आणि कितीतरी जास्त पैसे मोजून आणले.

पाने मिळाले, काम पुढे सरकलं. उजवीकडचं झाकण उघडलं आणि आमचे हे महाशय समोर आले. क्रँकच्या टोकावर एक नट असतो. त्याच्या बाहेरच्या अंगाला स्क्रूसारखे दात असतात आणि त्यावर ऑइलचे पंप चालतात. तो निघाल्याशिवाय मागची टायमिंगची पिनियन निघत नाही आणि पिनियन निघाल्याशिवाय इंजिन उघडत नाही.

मी पाना लावला. हलेना. रात्रभर तेल सोडून ठेवलं. हलेना. पान्याला लोखंडी पाइप जोडून लोंबकळलो. पाना सटकला, बोटं सोलली. शेजारचे काका, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, कुंपणापलीकडून दोन दिवस हे बघत होते. तिसऱ्या दिवशी आत आले, वाकून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "बाळा, तू तो सोडवत नाहीयेस. आवळतोयस."

उलटे आटे! क्रँक उजवीकडून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. पंपाचा भार त्या नटाला मागे ओढत असतो. नेहमीचे सरळ आटे असते तर नट चालता चालता आपोआप ढिला झाला असता आणि इंजिनाचं तेल बंद. म्हणून आटे उलटे, म्हणजे भार जितका पडेल तितका तो घट्ट बसणार. तुमच्या सायकलचं डावं पेडल बघा, तिथेही उलटेच आटे आहेत. सायकलवर ही युक्ती १९०० च्या सुमारास वापरणाऱ्यांत विमानवाले राइट बंधूही होते.

काकांनी कनेक्टिंग रॉडच्या वरच्या भोकात दांडा घातला, खाली लाकडाच्या पट्ट्या दिल्या, म्हणजे क्रँक फिरणार नाही. मग पाना उजवीकडे, एक झटका. कट्! सुटला.

राहिली पिनियन. मी हातोडा उचलला तर काकांनी हात धरला. "दात तुटतील, शाफ्ट वाकेल. याचा पुलर असतो." आजोबांचा पुलर? तोही भंगारात गेला असणार. तेवढ्यात आई बाहेर आली. तिच्या हातात बोल्ट लावलेला एक लोखंडी ठोकळा होता. पापडाच्या वाळवणाचं कापड उडू नये म्हणून ती वर्षानुवर्षं तो गच्चीवर कोपऱ्याला ठेवत होती. "हे का ते?"

तेच होतं. पुलर बसवला, मधला बोल्ट हळूहळू आवळला, त्याच्या डोक्यावर हलकेच टकटक केलं. पाच मिनिटांत पिनियन अलगद हातात.

मंडळी, तो नट हट्टी नव्हताच. त्याला जे काम दिलं होतं ते तो पन्नास वर्षं इमानाने करत होता. आजोबांना ते ठाऊक होतं. मी त्यांना कधी विचारलं नाही. तुमच्याही माळ्यावर अशी एखादी पेटी असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी, घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर एकदा विचारून घ्या, हे कशाचं आहे?

भेटू पुढच्या भागात.