साबुदाणा : नाव तेच, झाड दुसरे

आयोडीनचा थेंब टाकला की बटाटा निळा होतो, भात निळा होतो, साबुदाणाही निळा होतो. 'यात पिष्ट आहे' असे सांगून आपण पुढच्या धड्याकडे वळतो. पण ही सारी पिष्टे एकच का? साबुदाण्याच्या इतिहासाच्या आधारे आपण याचे उत्तर शोधू.

'साबु' हा शब्द मलाय भाषेतील 'सागू'वरून आला. सागू हा आग्नेय आशियातील ताडाच्या कुळातला वृक्ष. त्याच्या खोडातील गर धुऊन पिष्ट काढीत. कसावा अथवा टॅपिओका हे कंदमूळ मात्र दक्षिण अमेरिकेचे. पोर्तुगीजांनी ते मलबारात आणले. त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ (कारकीर्द १८८०-८५) यांनी त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडले आणि तिकडून येणारा साबुदाणा थांबला. तेव्हा सेलम येथील व्यापाऱ्यांनी १९४३ च्या सुमारास कसाव्याच्या पिष्टापासून तो बनवायला सुरुवात केली. आज आपल्या खिचडीत असतो तो हाच साबुदाणा.

ही अदलाबदल शक्य झाली, कारण सर्व पिष्टांचा मूळ घटक ग्लुकोजच. त्याच्या बहुतांशी सरळ साखळ्या म्हणजे अमायलोज आणि फांद्या फुटलेल्या साखळ्या म्हणजे अमायलोपेक्टिन. फरक आहे तो प्रमाणात. मक्याच्या पिष्टात अमायलोज सुमारे पाव हिस्सा असते, कसाव्यात त्याहून कमी. शिवाय धान्याच्या पिष्टकणांना चिकटलेली प्रथिने आणि मेद कसाव्यात फारच थोडे असतात. म्हणून त्याची खळ पारदर्शक, चिकट आणि जवळजवळ बेचव होते. ओल्या पिष्टाच्या गोळ्या तापल्या तव्यावर भाजल्या की वरचा थर शिजतो आणि दाण्याचा आकार टिकतो. कंदात सायनाइड सोडणारे लिनामरिन असते. किसणे, धुणे आणि तापवणे या क्रियांत ते बहुतांशी निघून जाते.

वर्गात एक प्रयोग करता येईल. मक्याचे पीठ (कॉर्नफ्लोअर) आणि साबुदाण्याची बारीक पूड प्रत्येकी एक चमचा घेऊन सारख्याच पाण्यात वेगवेगळी शिजवावी व गार होऊ द्यावी. मक्याची खळ पांढुरकी होऊन थिजते. साबुदाण्याची काचेसारखी आणि तार धरणारी राहते. नंतर दोन्हींवर आयोडीन टाकावे. पिष्ट आहे की नाही, एवढेच आयोडीन सांगते. ते कोणत्या वनस्पतीचे, हे सांगत नाही. हा फरक विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावा, असे आम्हाला वाटते.