सागरी कासवांचे ऊर्जाव्यय-मापन
पोहणे, बुडी मारणे व अंडी घालणे यांवर कासव किती ऊर्जा खर्च करते, याचे मापन. कासव फुप्फुसांनी श्वास घेत असल्याने त्याने वापरलेला ऑक्सिजन बंदिस्त टाकीत मोजता येतो. मोकळ्या समुद्रातील कासवाला ड्यूटेरियम व ऑक्सिजन-१८ युक्त पाणी टोचतात. शरीरातून दोन्ही घटण्याच्या वेगांतील फरकावरून कार्बन डाय-ऑक्साइडची निर्मिती काढतात. मात्र शरीरातील पाणी झपाट्याने बदलत असल्यास चूक वाढते. त्वरणमापकाने हालचालींवरूनही अंदाज बांधतात.

कोकण किनाऱ्यावर २०२२ मध्ये ऑलिव्ह रिडले जातीच्या पाच कासव-माद्यांना उपग्रह टॅग लावले गेले. अशा टॅगमुळे प्रवासमार्ग कळतो. मात्र ऊर्जाव्यय थेट कळत नाही.